डेटाबेसला थेट मोटर

"एक ओळ टाक आणि मोकळी हो," सर म्हणाले.

"नाही टाकणार," मी म्हटलं.

आमच्या ऑफिसात हे उत्तर माझ्या तोंडून इतक्यांदा निघतं की शेजारच्या टेबलावरची माणसं आता मानही वर करत नाहीत. त्या दिवशी मात्र केली. सरांचा आवाज चढला होता आणि माझाही खाली यायला तयार नव्हता. ती ओळ मी शेवटपर्यंत टाकली नाही. का टाकली नाही ते सांगते. ज्यांना संगणकातलं काही कळत नाही त्यांनी बिनघोर वाचावं, गोष्ट नळाच्या पाण्याएवढी सोपी आहे.

आमचं ऑफिस लातुरात, औसा रोडला. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. खालून हवा भरायच्या मशीनची घरघर येते आणि वर आम्ही माना घालून जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहीत असतो. कंपनी सरांची. माणूस वाईट नाही, कामाला वाघ आहे, पण घाई लई. कुठलंही काम हातात आलं की ते काल का झालं नाही असा चेहरा करतात.

त्यांनी नांदेडच्या एका डायलिसिस सेंटरचं काम आणलं होतं. किडन्या निकामी झालेली माणसं तिथं ठरलेल्या दिवशी येतात, तासन्‌तास मशीनला बसतात, रक्त शुद्ध करून घेतात आणि घरी जातात. धर्माबाद, नायगाव, देगलूर, कुठून कुठून येतात. प्रत्येकाचे वार बांधलेले असतात. कोणाचे सोमवार-गुरुवार, कोणाचे मंगळवार-शुक्रवार. तिथं नवीन माणूस आला की त्याला आधी कोणी आजार विचारत नाही. "तुमचा वार कोणता?" एवढं विचारलं की ओळख झाली.

या वारांचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर आमचं. पहिली आवृत्ती सरांनी स्वतः लिहिली होती, मी यायच्या आधी. सेंटरला भिंतीवर एक मोठा स्क्रीन, आज कोण कोणत्या मशीनला बसणार ते दाखवणारा. रिसेप्शनवर दुसरा स्क्रीन, वार द्यायचा आणि बदलायचा. आणि तिसरा भाग आदल्या दिवशी पेशंटला मोबाइलवर मेसेज पाठवणारा, "उद्या आपला वार आहे." तिन्ही चालत होतं. सर खूश, सेंटर खूश.

मी मात्र ते कोड उघडलं आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक पान डेटाबेसशी आपापलं बोलत होतं. प्रत्येक पानात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला, प्रत्येक पानात आपली वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न. 'आज कोणाचा वार' या एका साध्या प्रश्नाची तीन पानांत तीन उत्तरं. भिंतीवरचा स्क्रीन बदललेले वार बघायचा, मेसेजवालं पान मूळचे वार बघायचं, आणि रिसेप्शनचं पान सरांना त्या दिवशी जे सुचलं ते बघायचं.

मी सरांना म्हटलं, "सर, हे मोडून मध्ये एक थर घालू. डेटाबेसला हात लावायचा तो फक्त त्या थरानं. पानांनी त्याला विचारायचं, आज कोणाचा वार? आणि तो सांगेल ते दाखवायचं. उत्तर एकाच जागी ठरेल."

"चालून राहिलंय ना?" सर म्हणाले. "मग कामून उकरून काढतीस?"

इथं मला माझी आई सांगावी लागेल.

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. लातूरचं पाणी कसं येतं ते लातूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. येतं तेव्हा सण असतो. आणि पाणी आलं रे आलं की गल्लीच्या तोंडाशी राहणारे लोक नळाला थेट मोटर लावतात. टाकी नाही, हौद नाही, सरळ लाइनलाच मोटर. पहिल्या घरात टाक्या भरून वाहतात, मधल्या घरात करंगळीएवढी धार, आणि आमच्या नळाला फुस्स हवा. मोटर लावणारा कोणीही वाईट नसतो. संक्रांतीला तिळगूळ द्यायला तोच येतो. त्याचं म्हणणं एवढंच की माझ्या घरात पाणी येऊन राहिलंय, मग घोडं कुठं अडलं?

आई पदर खोचायची आणि गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायची. दारात उभी राहून ओरडायची, "काढा ती मोटर! आमच्या नळाला काय वारा प्यावा का?" लोक तिला भांडकुदळ म्हणायचे. म्हणोत. आमच्या घरी पाणी यायचं ते तिच्या तोंडामुळं यायचं. मी लहानपणी लाजेनं मरायची, दार लावून आत बसायची. आता वाटतं, जगात मला कोणी काही शिकवलं असेल तर त्या बाईनं.

तर सरांच्या प्रत्येक पानानं डेटाबेसला थेट मोटर लावली होती. मला बाकी काही सांगायचं नव्हतं.

मग तो गुरुवार आला. मी रिसेप्शनवरच्या मुलीला नवीन रिपोर्ट शिकवायला नांदेडला गेले होते म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं.

त्या सेंटरला एक रीत आहे, ती आधी सांगते. तिथली माणसं आपसात वार बदलतात. घरी लग्न असतं, गावची जत्रा असते, सोयरीक बघायला पाहुणे येणार असतात. मशीनला बांधलेल्या माणसालाही घर असतं ना! मग शेजारच्या खुर्चीतल्याला म्हणायचं, "गुरुजी, माझा गुरुवार तुम्ही घ्या, तुमचा शुक्रवार मला द्या." गुरुजी म्हणणार, "हाव, घेतो." डॉक्टरांना विचारायचं, त्यांनी मान हलवली की रिसेप्शनवर सांगायचं. झालं. कोणी कोणाचे उपकार मानत नाही, आज तुझं लग्न, उद्या माझी जत्रा.

धर्माबादच्या दोन बायका तिथं सोमवार-गुरुवारी यायच्या. एकाच गावच्या, आणि नावही एकच. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, पण पहिलं नाव आणि आडनाव अगदी तेच. दोघी एकाच गाडीनं यायच्या, शेजारी शेजारी बसायच्या. मोठीला सगळे अक्का म्हणायचे आणि धाकटीला मावशी. सेंटरमधल्या कोणाचाही कधी गोंधळ झाला नव्हता. गोंधळ व्हायला संगणक लागला.

अक्काच्या पुतण्याचं लग्न गुरुवारी होतं. तिनं नायगावच्या गुरुजींशी वार बदलला. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "नाव? गाव?" आमच्याकडं माणूस म्हणजे नाव आणि गाव, तिसरं काही विचारायची पद्धतच नाही. दवाखान्यात विचारतात तेच, एसटीत शेजारी बसलेला विचारतो तेच. सरही इथलेच. त्यांनीही पान लिहिताना तेच विचारलं होतं. या नावाचं, या गावचं, गुरुवारचं जे कोणी असेल त्याला शुक्रवारी टाक. प्रत्येक पेशंटचा वेगळा क्रमांक डेटाबेसमध्ये पडून होता, पण क्वेरीनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. बटण दाबलं आणि अक्का शुक्रवारी गेली. तिच्यासोबत मावशीही गेली, तिला कोणी विचारलं नव्हतं. गुरुवारच्या दोन मशीन मोकळ्या दिसल्या. एक गुरुजींना गेली, दुसरी एका नवीन पेशंटला दिली गेली.

आणि मेसेजवाल्या पानाला तर बदललेलं काही दिसतच नव्हतं. त्यानं बुधवारी मावशीला इमानेइतबारे कळवलं, "उद्या आपला वार आहे."

मावशी आली. एकटीच, अक्का लग्नात. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा सैल सोडलेला, दम लागलेला. नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. रिसेप्शनवरची मुलगी धावत आली.

"मावशी, तुमचा वार उद्या दाखवून राहिला."

"कुठं दाखवून राहिला?"

मुलीनं भिंतीवरच्या स्क्रीनकडं बोट केलं. मावशीनं स्क्रीनकडं बघितलं नाही. पिशवीतून मोबाइल काढला आणि मुलीच्या हातात दिला.

"हे कोणी धाडलं मग? माझ्या सासऱ्यानं?"

मेसेज आमचा. स्क्रीनही आमचा. दोन्हींच्या मध्ये मी उभी. नवीन पेशंट दारात आलेला, त्याच्या बायकोच्या हातात कागद, त्याचाही जीव कासावीस. त्याचा काय दोष?

व्यवस्थापक आले, समजावू लागले. आज घरी जा, उद्या सकाळी पहिलं तुम्हालाच घेतो. मावशीनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

"मी न्हाई उठायची," ती म्हणाली. "सोमवारपासून घोट घोट मोजून पाणी पिऊन राहिले मी. का? तर माझा वार गुरुवार. तुमचा भिंतीवरचा डबा काई बी म्हणंल. मी न्हाई उठायची."

माय गं! ही तर माझी आईच, गल्लीच्या तोंडाशी उभी. आणि मी कोणाच्या बाजूला? मोटरवाल्यांच्या. गळ्यात त्यांच्या कंपनीचं ओळखपत्र अडकवून.

शेवटी डॉक्टर आले, मावशीचे पाय दाबून बघितले आणि म्हणाले की हिला आज घ्यावंच लागेल. नवीन पेशंटला दुसऱ्या मशीनवर घेतलं आणि घोळात वेळ गेला म्हणून मावशीसाठी सेंटर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं. माणसांनी निभावलं, सॉफ्टवेअरनं नाही. मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं आता चार शिव्या पडणार. ती म्हणाली, "तू केलं का हे?"

"नाही, पण आमच्या ऑफिसनं केलंय."

"मग बसली कामून? जा की, नीट कर."

मग तिचं तीच बोलत बसली. लेक तिकडं निजामाबादला दिलेली, तिला दिवस गेलेले, आता भरतच आलेत. "बारशाला जाईन म्हणत होते," ती म्हणाली. "आता न्हाई जात बाई. वार बदलायला गेले आन् हे असं झालं तर? तिकडं पाळण्यापाशीच मरून पडायचं का?" हे तिनं भाजीत मीठ कमी पडल्यासारखं सांगितलं. धर्माबादची शेवटची गाडी गेली होती. रिसेप्शनवरची मुलगी तिला स्वतःच्या घरी मुक्कामाला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या भिंतीवर कागद लागला: "वार बदलून मिळणार नाही."

आणि इकडं लातुरात सर म्हणाले, "बघ, प्रश्नच मिटला. बदलायचंच नाही म्हटल्यावर चुकायचं कसं? तरी तू त्या क्वेरीत क्रमांकाची एक ओळ टाक आणि मोकळी हो. सोमवारी आपल्याला लातूरच्या सेंटरला हेच दाखवायचंय."

तेव्हाचं ते माझं "नाही टाकणार".

"का नाही?" सर म्हणाले.

"कारण ते ठिगळ आहे. रिसेप्शनचं पान सुधारेल. मेसेजचं पान उद्याही खोटंच बोलेल. परवा चौथं पान लिहाल, ते चौथं उत्तर देईल. पेशंटनं कोणत्या पानावर विश्वास ठेवायचा?"

"अगं, पण बदलणंच बंद झालंय ना आता!"

"कोणी बंद केलं? आपण! आपल्याला नीट लिहिता येत नाही म्हणून त्या माणसांनी लग्नाला जायचं नाही? बारशाला जायचं नाही? आपली क्वेरी चुकली आणि कागद त्यांच्या तोंडासमोर लावला. लाज वाटायला पाहिजे आपल्याला."

शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. खाली टायरवाल्याचं मशीनसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं.

"हे बघ," सर सावकाश म्हणाले, "तुला जमत नसेल तर मी दुसरं कोणीतरी बघतो."

"बघा," मी म्हटलं. "त्याला पण हेच पान उघडावं लागेल. आणि त्यालाही थोडी लाज असेल तर तोही हेच म्हणेल."

संध्याकाळी बॅग उचलली. घरी आले, आईला सगळं सांगितलं. तिला जावा कळत नाही, पण ती फोडणी देता देता ऐकत होती. म्हणाली, "मोटर काढलीस का?"

"अजून नाही."

"मग इथं काय करून राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. वारांसाठी एक वर्ग, म्हणजे कोडचा वेगळा कप्पा, पेशंटसाठी एक वर्ग, मशीनसाठी एक. डेटाबेसशी बोलायची परवानगी फक्त या तिघांना. आज कोणाचा वार, हे एकाच जागी लिहिलं. मूळ वार काय, बदललेला काय, कोणता धरायचा, सगळं तिथं. आणि वार बदलणं हेही एकच काम म्हणून लिहिलं, दोन नाही. या हातानं दिला आणि त्या हातानं घेतला, तरच बदलला. मध्ये काही बिघडलं, वीज गेली, दुसऱ्याचा वार मिळालाच नाही, तर दोघंही आपापल्या मूळ वारावर परत. कोणी अधांतरी लटकणार नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय बदल होणार नाही, तेही त्यातच घातलं. आणि माणूस ओळखायचा तो क्रमांकानं. नाव-गाव विचारा, खुशाल विचारा, पण एका नावाच्या दोघी निघाल्या तर पान दोघींचे फोटो दाखवेल आणि विचारेल, अक्का का मावशी?

ते सगळं झाल्यावर एक गोष्ट राहिली होती. चाचणीचा डेटाबेस ऑफिसात वेगळा असतो, सेंटरच्या चालू कामाशी त्याचा संबंध नाही. मी त्याचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड फक्त त्या थराला दिला. पानांना नाही, सरांना नाही, कोणालाच नाही.

थोड्या वेळानं ऑफिसात हलकल्लोळ. चाचणीतला भिंतीवरचा स्क्रीन मेला, रिसेप्शनचं पान लाल झालं, मेसेजवालं पान बोंबलत सुटलं. इतकंच काय, ज्या पानांचा वारांशी काही संबंध आहे हे मलाही माहीत नव्हतं अशी दोन पानं ठप्प झाली. तीही चोरून थेट लाइनवर होती! सर केबिनमधून आले.

"हे काय केलंस? कोणाला विचारून?"

"मोटर काढली," मी म्हटलं. "लावताना कोणाला विचारलं होतं?"

सर माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, झालं, गेली नोकरी. पण तो माणूस मुळात प्रोग्रॅमर आहे, हेच त्याचं नशीब आणि हेच माझं. लाल झालेली पानं बघता बघता त्यांचा राग मोडायला लागला. खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले आणि पहिलं पान त्यांनी उघडलं. आपलीच क्वेरी वाचली. मान हलवली. "काय लिहून ठेवलंय हे," असं स्वतःशीच पुटपुटले. मी हसू दाबून धरलं.

पान पान करत आम्ही सगळ्यांना थराच्या दारातून आत आणलं. सोमवारी लातूरच्या सेंटरला दाखवायला काहीच तयार नव्हतं. सरांनी फोन करून तारीख पुढं ढकलली आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा कीबोर्डवर वाकले.

सेंटरला नवी आवृत्ती घेऊन मीच गेले. भिंतीवरचा कागद अजून होता. व्यवस्थापकांना म्हटलं, आधी बघा, मग ठरवा. एका नावाच्या दोन बायका घेऊन दाखवलं, एकीचा वार बदलला, दुसरी जागच्या जागी. मेसेज, भिंत, रिसेप्शन, तिन्हीकडं एकच उत्तर. मध्येच मी नेटची वायर काढली. बदल अर्धा राहिला नाही, दोघं परत मूळ वारावर. व्यवस्थापक म्हणाले, "ठीक आहे, पण रिस्क कशाला घ्यायची? कागद राहू द्या."

"मग मला एक सांगा," मी म्हटलं, "मशीन बिघडलं तर तुम्ही मशीन दुरुस्त करता, का पेशंट बंद करता?"

डॉक्टर मागे उभे होते. ते म्हणाले, "मला विचारून बदलत असतील तर माझी हरकत नाही. पहिल्यापासून नव्हतीच." व्यवस्थापकांनी खांदे उडवले. कागद मी काढला. चिकटपट्टीसकट, भिंतीचा थोडा रंगही आला.

पण मावशीला कोण समजावणार? तिला नात झाली होती आणि बारसं नेमकं गुरुवारी. अक्का म्हणत होती की माझा भाचा इथंच मंगळवार-शुक्रवारी येतो, त्याला सांगते, त्याचा शुक्रवार तुला मिळंल. मावशी ऐकायलाच तयार नाही.

"माझा भरोसा न्हाई त्या डब्यावर."

"डब्यावर ठेवू नका," मी म्हटलं. "माझ्यावर ठेवा. शुक्रवारी मी इथं उभी असेन. तुमचं नाव नसलं तर मी तुमच्यासोबत त्या खुर्चीत बसते आणि उठत नाही."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू बसशील," ती म्हणाली. "तुझं तोंड तसंच हाय."

बटण दाबताना पानानं विचारलं, अक्का का मावशी? रिसेप्शनवरच्या मुलीनं मावशीला तिचा फोटो दाखवला. "हीच ना?" मावशी म्हणाली, "हीच. फोटो लई वाईट काढलाय."

गुरुवारी मी लातुरात होते. कामात जीव रमत नव्हता. सरांनी दुपारी येऊन माझ्या टेबलावर चहा ठेवला. तेही दर थोड्या वेळानं सेंटरचा स्क्रीन उघडून बघत होते, ते मला त्यांच्या काचेतून दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी मी नांदेडला पोचले तेव्हा मावशी आधीच आलेली. भिंतीसमोर उभी होती, पायात नवी चप्पल. वाचता येत असूनही तिनं रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, "हाय का माझं नाव?"

"हाय मावशी. खिडकीजवळची."

तिनं मोबाइल काढून मेसेजही वाचला. मग स्क्रीन. मग पुन्हा मेसेज. दोन्हीकडं तेच. मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि हात पुढं केला, सुईसाठी. मशीन सुरू झालं. मी मोठ्यानं श्वास सोडला, इतका मोठ्यानं की शेजारचे गुरुजी हसले.

मावशीनं दुसऱ्या हातानं पिशवीतून डबा काढला. बारशाच्या घुगऱ्या होत्या.

"मला चालत न्हाई हे," ती म्हणाली. "तू खा."

मी खाल्ल्या. खोबरं भरपूर होतं. तिनं नातीचा फोटो दाखवला, पाळणा दाखवला, व्याह्यांनी काय काय मानपान केला आणि कुठं कमी केलं तेही सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. सर होते.

"झालं ना? बसल्या ना त्या?"

"बसल्या."

"बरं झालं. आता ऐक, लातूरच्या सेंटरवाल्यांना ते वार बदलायचं बटण नकोय. म्हणतात, उगीच डोक्याला ताप. त्यांच्यासाठी काढून टाक तेवढं."

तोंडात घुगऱ्या होत्या. तरी माझं "नाही" लातूरपर्यंत नीट पोचलं असावं, कारण सर पलीकडं चक्क हसले आणि म्हणाले, "तेच सांगितलंय मी त्यांना. फक्त तुला विचारून बघत होतो."

मी फोन ठेवला. मावशी माझ्याकडं न बघता रिसेप्शनवरच्या मुलीला हाक मारत होती.

"ए बाई! पोरीचं जावळ काढायचंय पुढच्या महिन्यात. कोणता वार येतो ते बघ आन् बदलून ठेव माझा."